कृश तट्टू आणि औषधाची पुडी

गिरिस्थानांच्या परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना आणि औषधी-दुकानदारांना घोडेवाल्यांची एक मागणी परिचयाची आहे : “तट्टू फार उतरले आहे, ताकदीचे चूर्ण द्या.” माथेरानसारख्या, पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव असलेल्या ठिकाणी तट्टू हेच कित्येक कुटुंबांतील कमावते जनावर आहे. त्यामुळे मागणीमागील निकड खरी असते. परंतु तिला उत्तर म्हणून अश्वगंधाचूर्णाची पुडी बांधून देणे हे वैद्यकशास्त्रास धरून आहे काय, याचा विचार आपण करावयास हवा. आमच्या मते ते शास्त्रास धरून नाही.

अश्वगंधेविषयी आमची तक्रार नाही. चरकाचार्यांनी तिची गणना बृंहणीय आणि बल्य अशा दोन्ही महाकषायांत केली आहे. तथापि बृंहण द्रव्य हे अन्नाचे सहायक आहे, अन्नाचा पर्याय नव्हे. ज्या तट्टाला वैरणच अपुरी मिळते, त्याच्या मांसधातूची वृद्धी चूर्णाच्या चमच्याने कशी व्हावी?

प्रथम निदान. कृशतेची कारणे बहुधा साधी असतात. दाढांच्या कडा धारदार झाल्या की चर्वण नीट होत नाही. अर्धवट चघळलेले गवताचे बोळे तोंडातून गळतात, लिदीत अख्खे दाणे दिसतात. अशा जनावरास पशुवैद्याकडून दाढांना कानस लावून घेणे हीच पहिली चिकित्सा. दुसरे कारण कृमी. पोट सुटलेले आणि पाठ मात्र खपाटीला गेलेली, असे तट्टू मालकास ‘खाऊन-पिऊन बरे’ वाटते. लिदीच्या तपासणीत उलट निष्पन्न होते. जुनाट वेदना, न बसणारे खोगीर, कळपातील बलिष्ठ घोड्यांनी वैरणीपासून हुसकणे, हीही कारणे शोधावी लागतात.

नंतर आहार. संतर्पणीय अध्यायात चरकाचार्यांनी सद्यःक्षीण आणि चिरक्षीण असा भेद केला असून, चिरदुर्बलाच्या बाबतीत देह, अग्नी, मात्रा, काल पाहून, त्वरा न करता उपचार करावा असे सांगितले आहे. हा उपदेश तट्टालाही तंतोतंत लागू पडतो. हाडांचा सापळा झालेल्या घोड्यास एकाएकी भरपूर चंदी दिली, तर रक्तातील फॉस्फेट व मॅग्नेशियम झपाट्याने घटून प्राण जाण्याचा धोका असतो. म्हणून आरंभीचे तीन दिवस दर चार तासांनी थोडी थोडी लसूणघास आणि पुढे क्रमाने वाढ करीत सुमारे दहा दिवसांत पूर्ण वैरण, हा क्रम आधुनिक पशुवैद्यकाने स्वीकारला आहे. आपल्या संसर्जनक्रमाशी त्याचे साम्य उघड आहे.

पूर्ण वैरण म्हणजे किती? शुष्क भाराने शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के. २०० किलोच्या तट्टास सुमारे ४ किलो. घोड्याचे जठर लहान असते आणि तंतुमय आहाराचे पचन पुढे उण्डुक व बृहदंत्रात होते. एकदम तोबराभर दाणा दिल्यास पोटशूळ किंवा खुरांचा दाह ओढवतो. तट्टांमध्ये दुसऱ्याची प्रवृत्ती अधिक. चंदी द्यावयाची ती वैरण अंगी लागल्यावर, अल्प प्रमाणात आणि विभागून. भिजवलेला हरभरा देण्याची आपली जुनी पद्धत सयुक्तिक आहे, कारण मांसवृद्धीस आवश्यक असे लायसिन हे अमिनो आम्ल त्यात चांगल्या प्रमाणात असते. कोंबड्यांचे किंवा गुरांचे तयार खाद्य मात्र घोड्यास कदापि घालू नये. त्यातील मोनेन्सिन हे द्रव्य घोड्यास प्राणघातक ठरते.

केवळ आहाराने मेद वाढतो. मांस दृढ होण्यास व्यायाम लागतो. आरंभी पाठीवर ओझे न घालता हाती धरून चालविणे, नंतर सौम्य चढ, आणि पाठ भरल्यावरच स्वार. प्रगती डोळ्यांनी नव्हे, फितीने मोजावी. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणून ११,९०० ने भागावे. वजन किलोत मिळते. घेर १४० आणि लांबी १३० असल्यास सुमारे २१४ किलो. दर पंधरवड्यास ही नोंद ठेवावी. पूर्ववत होण्यास काही महिने लागतात, हे मालकास आरंभीच सांगावे.

येथे कोणी म्हणेल, “आम्ही पुडी नाकारली तर तो शेजारच्या दुकानातून घेईल.” घेईलही. पण कुचल्यासारखी तीक्ष्ण द्रव्ये असलेली ‘भूक लागण्याची’ चूर्णे मोघम मात्रेत दिली गेली आणि जनावर दगावले, तर एका कुटुंबाची रोजी जाते आणि बोट आयुर्वेदाकडे दाखविले जाते. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यांचे क्षेत्र आहे. आपली पदवी मानवी चिकित्सेची आहे, याचा विसर पडता कामा नये.

आपल्याकडे शालिहोत्राची परंपरा आहे, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आहे. तिचा अभिमान बाळगावयाचा तर तो पुडी विकून नव्हे, शास्त्रबुद्धी वापरून. आमची सूचना इतकीच : घोडेवाला आला की दात, लीद, वैरण आणि ओझे हे चार प्रश्न विचारावेत, त्यास पशुवैद्याकडे पाठवावे, आणि आपल्या औषधीची योजना करावयाची झालीच, तर ती त्या पशुवैद्याच्या संमतीने व त्याने ठरविलेल्या मात्रेत व्हावी. दुकानदार बंधूंनी माणसांसाठीचे अवलेह-चूर्ण जनावरासाठी म्हणून देऊ नये. त्यात चार पैशांची विक्री बुडेल, पण तट्टू वाचेल आणि आपल्या शब्दाला किंमत राहील.