कार्ड एक्स्पायर होत नाही, मग काय झालं?

'सायकल एकदा आली की आयुष्यभर येते' हे वाक्य सायकलपुरतं ठीक आहे. पोहण्यापुरतंही चालवून घेऊ. पण पाठीवर सिलिंडर बांधून अठरा मीटर पाण्याखाली निघालेला माणूस हेच म्हणतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. गेल्या डिसेंबरात अंदमानात स्वराज द्वीपला होतो (म्हणजे आपलं जुनं हॅवलॉक, 2018 मध्ये नाव बदललं). आठ दिवसांत हे वाक्य किमान पाच जणांकडून ऐकलं. पाचही जण माझ्याच जातकुळीतले. पंचविशीत स्कूबाचा कोर्स केला, मग ऑनसाइट, लग्न, होम लोन, पोरं... आणि आता चाळिशी दिसू लागल्यावर पुन्हा पाण्याची ओढ.

ओढ उत्तमच. माझं भांडण ओढीशी नाही, 'रिफ्रेशर कशाला, माझ्याकडे कार्ड आहे की' या उत्तराशी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ऑफिसात यावर नेहमी घोळ होतो. मालवण-तारकर्लीला जे बहुतेकांनी केलेलं असतं, ते 'ट्राय डाइव्ह'. त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेतो, सगळी बटणं तोच दाबतो. मजा येते, फोटो येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथे मी बोलतोय ते सर्टिफाइड डायव्हर्सबद्दल. ओपन वॉटरचा कोर्स केला की तुम्हाला एका जोडीदारासोबत, म्हणजे बडीसोबत, 18 मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. तिथे आपली हवा आपणच बघायची, आपला तोल आपणच सांभाळायचा.

आता ते कार्ड. त्यावर एक्स्पायरी डेट नसते, हे खरं. पण कार्ड देणाऱ्या संस्था पुढे असंही सांगतात की मध्ये मोठा खंड पडला तर उजळणी करून मगच पाण्यात उतरा. आपल्या लोकांना यातलं पहिलं वाक्य तोंडपाठ असतं, दुसरं कुणी वाचलेलंच नसतं. बारा वर्षं हात न लावलेला कोड शुक्रवारी संध्याकाळी थेट प्रॉडक्शनवर टाकायचं म्हटलं, तर हेच लोक दहा मेल पाठवतील. इथे मात्र बिनधास्त!

सायकलची उपमा का चुकीची आहे, ते सांगतो. सायकलवर घाबरलात तर अंग आपोआप बरोबर वागतं: ब्रेक दाबता, पाय टेकता. पाण्याखाली उलटं आहे. घाबरलेला माणूस न शिकवता दोन गोष्टी करतो: श्वास रोखतो आणि वर धावतो. नेमक्या याच दोन गोष्टी मारतात. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो, म्हणजे दहा मीटर खाली तो पृष्ठभागाच्या दुप्पट. तिथे छातीत भरलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर वर पोचेपर्यंत ती दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. डायव्हिंगचं शिक्षण म्हणजे अर्धंअधिक काय, तर स्वतःच्या या उपजत खोडीवर मात करणं. आणि सवय मोडली की खोडी परत येते.

हे माझं नुसतं तत्त्वज्ञान नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या पेटार डेनोबल आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये स्कूबातल्या 947 मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवात कशातून झाली हे ज्या प्रकरणांत सापडलं, त्यातल्या 41 टक्क्यांत ते होतं हवा कमी पडणं. आणि त्यानंतर नेमकं काय भोवलं, याचा माग जिथे लागला तिथे 55 टक्क्यांत ते होतं घाईघाईने वर येणं. शार्क वगैरे विसरा. गेजकडे बघायचं राहिलं आणि मग घाबरून वर सुटलो, एवढी साधी ही गोष्ट आहे.

मी स्वतः बारा वर्षांनी पाण्यात उतरत होतो, म्हणून पहिला अर्धा दिवस रिफ्रेशर घेतला. ग्रुपमध्ये यथेच्छ टिंगल झाली. थिअरीचे सगळे प्रश्न बरोबर आले. मग अडीच मीटर पाण्यात इन्स्ट्रक्टरने मास्क काढून परत लावायला सांगितला. पायऱ्या पाठ होत्या. पण नाकात पाणी शिरलं त्या क्षणी पाठांतर राहिलं बाजूला आणि अख्खं अंग म्हणालं, वर चल. तिसऱ्या वेळी शांतपणे जमलं. म्हणजे डोक्याला सगळं आठवत होतं, अंगाला नव्हतं. हे अडीच मीटरवर कळलेलं बरं, की अठरावर? शिवाय या बारा वर्षांत माझं वजन अकरा किलोने वाढलंय. चरबी तरंगते, त्यामुळे जुन्या लॉगबुकातला वेट बेल्टचा आकडा आता रद्दीत. नवीन आकडा उथळ पाण्यात करून बघूनच मिळतो.

आणि आता मुख्य मुद्दा. 'माझा जीव, माझी रिस्क, तुला काय करायचंय?' असं मला त्या पाचातल्या एकाने विचारलं. प्रश्न वाजवी वाटतो, पण नाही. दुसऱ्या दिवशी मला बडी म्हणून मिळाली ती नाशिकची तेवीस वर्षांची एक मुलगी. कोर्स संपवून तिला दोनच दिवस झाले होते. बोटीवर म्हणाली, "दादा, तुम्ही इतके वर्षांचे डायव्हर, मला काही टेन्शन नाही!" तिच्या डोक्यात ऑफिसातलंच गणित होतं: जास्त वर्षं म्हणजे सीनियर. मी तिला सांगितलं की मधली बारा वर्षं कोरी आहेत, कालच उजळणी केलीय, आपण दोघंही सावकाश जाऊ. मग आम्ही एकमेकांचं बीसीडी, वजनं, बकल्स, हवा, सगळं दोनदा तपासलं.

तिची हवा संपली असती तर तिने कुणाकडे पोहत यायचं? माझ्याकडे. माझा जादा रेग्युलेटर हाच तिचा राखीव साठा. मी त्या क्षणी गडबडलो असतो, तर किंमत तिने मोजली असती. म्हणून रिफ्रेशर हा 'पर्सनल चॉइस' नाही. तुमचा विसराळूपणा दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, आणि त्या बिचाऱ्याला ते माहीतही नसतं.

तीच गोष्ट मेडिकल फॉर्मची. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. बोटीला उशीर होतोय म्हणून रांगेत उभ्या उभ्या सगळ्यावर 'नाही' टिकवणारे मी पाहिलेत. त्यातल्या एकाने सकाळी नाश्त्याला माझ्यासमोर बीपीची गोळी घेतली होती! वरच्याच अभ्यासात निर्णायक शारीरिक इजांमध्ये हृदयाच्या तक्रारींचा वाटा 26 टक्के होता. पंचविशीतलं हृदय आणि चाळिशीतलं हृदय एक नव्हे. पुण्यात असतानाच डॉक्टरांकडून फॉर्म भरून घ्यायला किती वेळ लागतो? फ्लाइट तीन महिने आधी बुक करता ना?

यावर नेहमीचा बचाव: 'गाइड असतो की सोबत.' असतो. त्याच्यामागे चार जण असतात, आणि त्याला हात दोनच. काही शॉप्स शेवटचा डाइव्ह कधी केला ते विचारतात, जुना असेल तर रिफ्रेशरशिवाय नेत नाहीत. त्यांना लोक कटकटे म्हणतात आणि शेजारच्या शॉपमध्ये जातात. म्हणजे जो नीट काम करतो त्याचं गिऱ्हाईक आपणच पळवून लावतो. वर पुन्हा 'इंडियात सेफ्टी कल्चर नाही' म्हणून चहावर चर्चा करायला मोकळे!

या हिवाळ्यात कपाटातलं जुनं कार्ड शोधून निघणार असाल, तर माझं म्हणणं एवढंच. अर्धा दिवस आणि थोडे पैसे रिफ्रेशरसाठी आधीच बाजूला ठेवा. पहिला डाइव्ह उथळ करा. बोटीवर बडीला कोर्सचं वर्ष सांगू नका, शेवटचा डाइव्ह कधी केला ते सांगा, आणि त्यालाही तेच विचारा. उत्तर ऐकून तो नाराज झाला, तर होऊ दे. दुसरा बडी मागायचा हक्क त्यालाही आहे आणि तुम्हालाही.