‘इल्मॅटिक’ पडला होता, हे म्हणणं आता सोडा

न्यूयॉर्कचा रॅपर नास याच्या ‘इल्मॅटिक’ या अल्बमचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक म्हणजे, समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला, पण बाजारात तो पडला. दुसरं त्यातूनच फुटलेलं: पडला म्हणूनच तो अस्सल, कारण अस्सल माल खपत नसतो. पहिलं वाक्य धंद्याच्या हिशेबाने बोलणारे म्हणतात, दुसरं स्वतःला जाणकार समजणारे. मला दोन्ही अमान्य आहेत. त्यातही दुसरं जास्त, कारण त्याने एका कलावंताच्या पुढच्या कामावर उघड अन्याय केला.

आधी पडण्याचं पाहू. १९ एप्रिल १९९४ला कोलंबियाने हा अल्बम बाजारात आणला. दहा ट्रॅक, जेमतेम चाळीस मिनिटं, आणि गाणारा वीस वर्षांचा. पहिल्या आठवड्यात साठेक हजार प्रती गेल्या आणि बिलबोर्डच्या मुख्य यादीत तो बाराव्या क्रमांकावर आला. जानेवारी १९९६मध्ये पाच लाखांचं गोल्ड, २००१मध्ये दहा लाखांचं प्लॅटिनम. बाजारवाले यापुढे लगेच रॅपर स्नूपचा ‘डॉगीस्टाइल’ ठेवतात, ज्याने १९९३च्या नोव्हेंबरात पहिल्याच आठवड्यात आठ लाखांचा टप्पा ओलांडला होता. पण स्नूपचा आवाज त्याआधी वर्षभर डॉ. ड्रेच्या ‘द क्रॉनिक’मधून अमेरिकेच्या घराघरांत पोचला होता. नासच्या खात्यावर होतं काय? मेन सोर्स या गटाच्या गाण्यातलं एक गाजलेलं कडवं, काही पाहुणे हजेऱ्या आणि ‘झेब्राहेड’ चित्रपटातलं ‘हाफटाइम’. या दोघांना एका तराजूत घालणं हाच मुळात अन्याय आहे.

तुलना करायचीच तर रॅपर बिगीच्या ‘रेडी टू डाय’शी करा. तेच शहर, तेच वर्ष, तोही पहिलाच अल्बम. सप्टेंबरात आला तेव्हा पहिल्या आठवड्यात तो जवळपास तेवढाच खपला आणि यादीत पंधराव्या क्रमांकावर, म्हणजे ‘इल्मॅटिक’च्या खाली उतरला. त्याला कोणी पडलेला म्हणत नाही. फरक पडला तो नंतर. त्यातलं ‘बिग पॉपा’ रेडिओवर दिवसरात्र वाजलं आणि पहिल्या दहांत गेलं, तर ‘इल्मॅटिक’मधल्या ‘इट एन्ट हार्ड टू टेल’ला एक्क्याण्णवाच्या वर सरकता आलं नाही. म्हणजे खपाचा आकडा सांगतो तो रेडिओवर काय वाजलं त्याचा हिशेब. अल्बम ऐकून लोकांनी नाकारला, असा अर्थ त्यातून काढायला काडीचाही आधार नाही.

शिवाय त्या आकड्यात न आलेले श्रोते वेगळेच. अल्बम यायच्या आधीच त्याच्या चोरट्या कॅसेट न्यूयॉर्कच्या फुटपाथवर विकल्या जात होत्या. नासला कोलंबियापर्यंत नेणारा एमसी सर्च याने पुढे सांगितलं की एका गॅरेजमध्ये त्याला साठ हजार बनावट प्रती सापडल्या. त्याचा शब्द खरा धरला, तर पहिल्या आठवड्याच्या अधिकृत खपाइतका माल एकट्या त्या गॅरेजात पडून होता. ज्या गल्ल्यांविषयी हा अल्बम बोलतो, त्या गल्ल्यांतला श्रोता तो फुटपाथवरूनच घेत होता.

आता समीक्षेकडे वळू. इथे एक शंका मात्र रास्त आहे. ‘द सोर्स’ मासिक ताऱ्यांऐवजी माइक मोजून गुण द्यायचं. ‘इल्मॅटिक’ला पाचपैकी पाच मिळाले. हा मान तेव्हा फार थोड्यांना मिळालेला. ‘द क्रॉनिक’ आणि ‘रेडी टू डाय’ही साडेचारांवर थांबले. मासिक न्यूयॉर्कचं, त्या काळात बाजार लॉस एंजेलिसच्या हाती गेलेला, न्यूयॉर्कला आपला एक नायक हवा होता. तेव्हा हे गुण आपुलकीतून दिलेले नाहीत कशावरून?

आपुलकी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण गुण बरोबर होते की नाही, हे देणाऱ्याच्या गावावरून ठरत नाही. रेकॉर्ड लावून पाहावी लागते. ‘वन लव्ह’ घ्या. हे गाणं तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांचं आहे. मुलगा झाल्याची बातमी, कोण फितूर झाला, कोणाची बायको भेटीला येत नाही, असा गल्लीचा सगळा वृत्तांत त्यात येतो. गाण्याचा निर्माता क्यू-टिप याने मागे हीथ ब्रदर्सच्या जॅझ रेकॉर्डमधला कालिंबा या वाद्याचा तुकडा फिरवत ठेवला आहे, आणि त्या नाजूक आवाजामुळे पत्रातल्या बातम्या अधिकच बोचतात. शेवटच्या कडव्यात पत्र बाजूला राहतं. दोन दिवस बाहेर राहून परतलेला निवेदक बाकावर बसलेल्या बारा वर्षांच्या पोराला भेटतो. पोराच्या अंगात गोळीरोधक जाकीट आहे. निवेदक त्याला उपदेश करतो, पण तो बंदूक टाकून दे असा नसतो, नेम नीट धर असा असतो. निवेदकाने स्वतःला यातून सोडवून घेतलेलं नाही. नास जिथे वाढला त्या क्वीन्सब्रिजच्या अफाट सरकारी वसाहतीविषयी इतकं प्रामाणिक लिहिणं वीस वर्षांच्या पोराला साधलं, यासाठी पाच माइक मला मुळीच जास्त वाटत नाहीत.

पण समीक्षकांचा शब्दही कायमचा नसतो. ‘रोलिंग स्टोन’च्या सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांच्या यादीत ‘इल्मॅटिक’ २००३मध्ये चारशेवा होता, २०१२मध्ये चारशे दोनावा आणि २०२०मध्ये चव्वेचाळिसावा. मधल्या काळात अल्बममधली एक मात्राही हललेली नाही. मतदार बदलले, लहानपणापासून रॅप ऐकलेली पिढी मत द्यायला बसली.

आणि आता ज्याचा मला खरोखर राग आहे ते. १९९६च्या जुलैत नासचा दुसरा अल्बम ‘इट वॉज रिटन’ आला, थेट पहिल्या क्रमांकावर बसला आणि ‘इल्मॅटिक’ला दोन वर्षांत गाठता न आलेला खप त्याने काही महिन्यांत मागे टाकला. लगेच ओरड झाली: नास विकला गेला. लॉरिन हिलसोबतचं ‘इफ आय रूल्ड द वर्ल्ड’ रेडिओवर वाजलं हा जणू गुन्हाच! त्याच अल्बममध्ये ‘आय गेव्ह यू पॉवर’ आहे. त्यात बंदूकच स्वतःची कहाणी सांगते, हातोहात फिरते, वापरून वापरून थकते आणि शेवटी ऐन वेळी अडून बसते. रचनेच्या धाडसात हे गाणं ‘इल्मॅटिक’मधल्या कशालाही हार जात नाही. पण न खपण्यालाच शुद्धतेचा दाखला मानणाऱ्यांनी खपलेल्या अल्बमात ते शोधलंच नाही. २००१मध्ये नासशी झालेल्या भांडणात रॅपर जे-झीने हेच हत्यार उचललं: तुझा चांगला अल्बम एकच.

खप आणि शुद्धतेचं हे भांडण आपल्यापासून लांबचं नाही. ‘गली बॉय’ चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नासचं नाव आहे आणि अंधेरीचा रॅपर डिव्हाइन याचा ‘कोहिनूर’ अल्बम नासच्याच मास अपील कंपनीच्या भारतीय शाखेतून २०१९मध्ये आला. मुंबईत आज रॅपरला व्ह्यूजवर तोललं जातं आणि व्ह्यूज वाढले की ‘आता तो गल्लीचा राहिला नाही’ म्हणून त्याला हिणवलं जातं. हे दोन्ही करणारी माणसं बरेचदा तीच असतात. त्यांनी ‘इट वॉज रिटन’ एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा, आणि त्यातल्या त्या बंदुकीच्या गाण्याचं ‘विकलं जाणं’ नेमकं कोणत्या ओळीत आहे ते दाखवावं.