‘अजून तयार नाहीत’ : पाळकांच्या नेतृत्वाविषयीचा एक दीर्घायुषी युक्तिवाद

१/ ख्रिस्ती पाळकांच्या नेतृत्वविकासावर आज जी पुस्तके आणि शिबिरे निघतात, त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी माणसाने स्वतःला घडवावे : प्रार्थनेची शिस्त, नम्रता, वाचन, घराची घडी, पैशांतला चोखपणा. हे साधले की नेतृत्व आपोआप चालत येते. ऐकायला हे निर्दोष वाटते. परंतु मिशनांच्या इतिहासात ‘आधी पात्रता, मग अधिकार’ हा क्रम अधिकार देण्यासाठी क्वचित आणि नाकारण्यासाठी वारंवार वापरला गेला आहे. हा धागा त्या क्रमाविरुद्ध आहे.

२/ या क्रमाला शास्त्राधार दिला जातो तो तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. त्याच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाचे गुण सांगितले आहेत. तो संयमी असावा, अतिथिप्रिय असावा, द्रव्यलोभी नसावा, आपले घर नीट चालवणारा असावा आणि नवशिका नसावा. एकोणिसाव्या शतकात ही शेवटची अट फार कामी आली.

३/ पण त्याच नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तकही आहे. त्याच्या चौदाव्या अध्यायात पौल आणि बर्णबा लुस्त्र, इकुन्य, अंत्युखिया या गावांतून परत फिरतात आणि त्याच फेरीत प्रत्येक मंडळीवर स्थानिक वडील नेमून पुढे निघून जातात. त्या वडिलांना ख्रिस्ती होऊन फार काळ लोटलेला नव्हता. पौलाने पिकण्याची वाट पाहिली नाही. जबाबदारी देऊन टाकली आणि चुकांविषयी पत्रे लिहीत राहिला.

४/ हे मिशनऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री वेन या दोघांनी शतकाच्या मध्यालाच तत्त्व मांडले होते : स्थानिक मंडळी स्वशासित, स्वावलंबी आणि स्वप्रसारक असावी. परदेशी मिशनऱ्याने काम उभे करून बाजूला व्हावे. अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले. त्याच सुमारास अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी मुलखाच्या दृष्टीने ही मोठी घटना होती.

५/ मात्र पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय या घटनेचे मोल कळत नाही : तिजोरीची किल्ली कोणाकडे राहिली? पाळक देशी झाला, पण शाळा, जमिनी, छापखाना आणि परदेशातून येणारा निधी मिशनच्याच हाती राहिला. उपदेशपीठ एकाचे आणि हिशेबाची वही दुसऱ्याची, अशी ही वाटणी होती. ज्याला खर्चाचा निर्णय कधी घ्यावाच लागला नाही, त्याला ‘व्यवहार कळत नाही’ असे म्हणणे सोपे असते.

६/ वेन यांच्या तत्त्वाची खरी कसोटी पश्चिम आफ्रिकेत लागली. सॅम्युअल अजायी क्राउदर हे योरुबा. १८२१ मध्ये गुलाम म्हणून पकडले गेले, पुढच्याच वर्षी ब्रिटिश आरमाराने त्यांची सुटका केली. १८६४ मध्ये कँटरबरी येथे त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले आफ्रिकी बिशप. योरुबा भाषेतील बायबलमागे मुख्य परिश्रम त्यांचे. स्वतःला घडवण्याचे याहून मोठे उदाहरण शोधून सापडणार नाही.

७/ या घडणीने त्यांना वाचवले का? वेन १८७३ मध्ये वारले आणि हवा पालटली. १८९० मध्ये नायजर मिशनच्या समितीत, नातवंडे शोभावीत अशा वयाच्या युरोपीय मिशनऱ्यांनी क्राउदर यांच्या समोर त्यांच्या सहकाऱ्यांना निलंबित केले. बिशप तेच, पण निर्णय त्यांचा नव्हता. १८९१ च्या अखेरच्या दिवशी ते वारले आणि त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला. २०१४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी या वागणुकीबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. १२० हून अधिक वर्षांनी.

८/ आता पुन्हा आपल्याकडे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंगाच्या चालीत गाता येऊ लागले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. प्रतिष्ठा होती, पगारही होता. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत होते.

९/ हा प्रसंग आपण संताच्या वैराग्याची कथा म्हणून सांगतो. तशी ती आहेच. पण त्यात एक रोखठोक राजकीय विधानही आहे : ज्याचे वेतन दुसऱ्याच्या हाती, त्याचे नेतृत्वही दुसऱ्याच्या हाती. दरबार फार टिकला नाही, असा आक्षेप येतो. टिळक मे १९१९ मध्ये वारले. छप्पन्नाव्या वर्षी ज्याला स्वतःच्या मतीने चालायला मिळाले, त्याच्याकडून दोन वर्षांत संस्था पक्की करून घ्यायची, आणि ती झाली नाही की ‘पाहा, जमले नाही’ म्हणायचे. हा न्याय नव्हे.

१०/ आणखी एक गंमत पाहा. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तले टिळक संतापी आहेत, लहरी आहेत, घरात दाणा नसताना हातचे देऊन मोकळे होतात. ‘आपले घर नीट चालवणारा’ या कसोटीवर ते पहिल्याच फेरीत बाद झाले असते. आजच्या कोणत्याही नेतृत्वशिबिराने त्यांना प्रमाणपत्र दिले नसते. मराठी मंडळीचे हे सर्वांत प्रभावी नेतृत्व गुणांच्या यादीतून आलेले नाही.

११/ याच काळात दक्षिणेत वेदनायगम सॅम्युअल अझराया यांनी हाच प्रश्न उघडपणे मांडला. १९१० च्या एडिंबरा येथील जागतिक मिशनरी परिषदेत पस्तिशीतल्या या तमिळ कार्यकर्त्याने सांगितले की मिशनरी त्याग करतात, दानही देतात. पण देशी सहकाऱ्याला बरोबरीचा मित्र मानत नाहीत. सभेतल्या अनेकांना ते झोंबले. १९१२ मध्ये अझराया दोर्णकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतील पहिले भारतीय बिशप. त्याआधी ‘अजून वेळ आलेली नाही’ हा सूर युरोपीयांनी लावलाच, काही भारतीयांनीही लावला.

१२/ आणि वेळ आली तेव्हा काय झाले? तेलुगू मुलखातील माला आणि मादिगा या अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतून अझराया यांनी गावोगावचे पाळक घडवले. दोर्णकल हा झपाट्याने वाढणारा धर्मप्रांत ठरला. तरीही १९४५ मध्ये अझराया वारले, तोवर स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारे भारतीय अँग्लिकन बिशप ते एकटेच होते. प्रयोग यशस्वी झाला तरी त्याची पुनरावृत्ती होत नाही, तेव्हा अडचण प्रयोगात नसते.

१३/ त्याच १९१२ साली चीनमध्ये काम केलेले इंग्रज धर्मोपदेशक रोलंड ॲलन यांनी पौलाच्या पद्धतीवर ग्रंथ लिहून नेमके हेच दाखवले : पौल निघून जात असे, आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि लोक वाढत नाहीत म्हणून खंत करतो.

१४/ प्रामाणिक आक्षेप एकच आहे. अपात्र माणसाच्या हाती अधिकार गेला तर भोळ्या लोकांचे नुकसान होते. हे खरे आहे. आजही मंडळ्यांत त्याचे अनुभव येतात. त्यावर उपाय आहे तो उत्तरदायित्वाचा : मंडळीसमोर उघडा हिशेब, तिला प्रश्न विचारण्याचा हक्क, चुकीची दुरुस्ती. अधिकार रोखून धरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. क्राउदर यांच्या सहकाऱ्यांत दोष होते; पण अफाट प्रदेश, अपुरी साधने आणि व्यापारी कंपन्यांच्या बोटींवरचा प्रवास हे सारे विसरून फक्त चारित्र्य तपासले गेले.

१५/ हा युक्तिवाद केवळ गोऱ्यांचाच होता असे समजून आपण हात झटकू नयेत. नगरचे ते दोन्ही पहिले पाळक ब्राह्मण कुळातले. पुढे मंडळी वाढली ती प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतून. ‘ते अजून तयार नाहीत’ हे वाक्य वरून खाली सहज सरकते. स्त्रियांच्या बाबतीत तर ते अधिकच खाली सरकले. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. काव्य पुरे करण्याइतकी त्यांची तयारी होती. उपदेशपीठासाठी ती कोणी तपासलीही नाही.

१६/ आत्मपरीक्षण, अभ्यास, शिस्त यांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्यांना प्रवेशकर बनवण्याला. पोहणे काठावर शिकता येत नाही. तेव्हा मिशनचे जुने अहवाल वाचताना ‘देशी पाळकांची समाधानकारक प्रगती’ असे शब्द भेटले, तर तीन गोष्टी शोधा : त्या वर्षी खर्चाला मंजुरी कोणी दिली, नेमणुकीच्या सभेत मत कोणाला होते आणि ‘समाधानकारक’ हा शेरा कोणी लिहिला. तिन्ही उत्तरे एकच निघाली, तर प्रगती कोणाची झाली ते वेगळे सांगावे लागणार नाही. आजच्या शिबिराचे पत्रक हाती आले, तर त्यालाही हेच तीन प्रश्न विचारा.