बाई, तुम्हाला नेमकं काय दिसत नाही?



आमच्या बेळगावच्या मंडळीच्या कार्यालयात बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरे संगणकावर उतरवण्याचे काम एक निवृत्त शिक्षिका करीत असत. सगळे त्यांना बाई म्हणतात. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. दोन वर्षांपूर्वी एका दाखल्यावर १९६१ ऐवजी १९६९ असे साल पडले. ते कुटुंब दाखला घेऊन परत आले, थोडी बोलाचाली झाली. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "आता हे काम माझ्याकडे नको रे." मी लगेच म्हणालो, "बाई, तुम्ही निवांत बसा, मी करतो." आपण फार चांगले वागलो असे मला त्या वेळी वाटले.

बाई खरोखरच निवांत बसल्या. आधी कार्यालयात यायच्या थांबल्या, मग महिला मंडळाचा हिशेबही त्यांनी दुसरीकडे सोपवला. मंडळीत कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. वय झाले, डोळे गेले, असेच सगळे म्हणाले.

पण डोळे गेले नव्हते. बाईंना काचबिंदू आहे. मधले दिसते, कडेचे दिसत नाही, आणि प्रकाश डोळ्यांवर आला की मधलेही पुसट होते. आपल्या मिशनच्या इतिहासात अंधांसाठी केलेल्या कामाचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो योग्यच आहे. १८८७ मध्ये अ‍ॅनी शार्प यांनी अमृतसरला शाळा काढली, १९०० मध्ये मुंबईत अ‍ॅना मिलार्ड यांनी. मात्र धड अंध नाही आणि धड डोळसही नाही, अशा माणसासाठी आपल्याकडे अजून नीट शब्दसुद्धा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'अल्पदृष्टी' ही वेगळी नोंद आहे. चांगल्या डोळ्याला उत्तम चष्मा लावूनही जे इतरांना अठरा मीटरवरून वाचता येते ते सहा मीटरवर आल्याशिवाय वाचता येत नाही, तिथून ही नोंद सुरू होते. नजरेचा घेर फार अरुंद झाला तरीही ती लागू होते. अशी माणसे आपल्या बाकांवर दर रविवारी बसलेली असतात. ती तक्रार करीत नाहीत. गीत पाठ असल्यासारखे ओठ हलवतात, एवढेच.

डोळे तपासण्याचे काम करणारी एक बहीण आमच्या मंडळीत आहे. तिने मला एकदा सहज विचारले, "बाईंना नेमकं काय दिसत नाही, ते विचारलंत का कधी?" मी विचारले नव्हते. वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होते, तरी प्रभूने त्याला आधी विचारले की तुझ्यासाठी मी काय करावे. हा उतारा मी रविवार शाळेत कितीदा तरी शिकवला आहे. बाईंच्या बाबतीत मात्र विचारण्याची पायरी मी गाळली.

मग एका शनिवारी बाईंना आग्रहाने बोलावून आणले. आणि पुन्हा चूकच केली. विंडोजचे बटण आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले की पडद्यावरचे भिंग सुरू होते, हे मला नुकतेच कळले होते. मी मोठ्या उत्साहाने सगळे तिप्पट केले. बाई घाबरल्या. तिप्पट केल्यावर पडद्याचा फक्त नववा हिस्सा एका वेळी समोर राहतो, बाकीचा माउस हलवून शोधावा लागतो, आणि बाईंना मुळात मधलेच तेवढे दिसते. त्या म्हणाल्या, "अरे, तू भिंत मोठी केलीस, खिडकी तेवढीच राहिली!"

ज्यांच्या नजरेचा मध्य गेला आहे त्यांना मोठे अक्षर लागते. ज्यांच्या कडा गेल्या आहेत त्यांना फार मोठे अक्षर त्रासाचेच. मोतीबिंदू असलेल्याला पांढरा लख्ख पडदा उन्हातल्या पत्र्यासारखा खुपतो. म्हणून "ज्येष्ठांसाठी सोपी सेटिंग" असे काही नसते. माणूस शेजारी बसवूनच ते जमवावे लागते.

बाईंसाठी जे जमले ते असे. पार्श्वभूमी काळी, अक्षरे पांढरी. विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात कॉन्ट्रास्टच्या अशा तयार रंगसंगती असतात. अक्षर थोडेच वाढवले. तिथे ते २२५ टक्क्यांपर्यंत वाढते, पण बाईंना १४० पुरले. माउसचा बाण जाड आणि पिवळा केला. कंट्रोल दाबले की बाणाभोवती वर्तुळ उमटते, अशी एक सोय माउसच्या सेटिंगमध्ये आहे. ती सुरू केली तेव्हा बाई लहान मुलीसारख्या हसल्या. त्यांचा निम्मा वेळ बाण शोधण्यातच जात होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता! (एक सांगून ठेवतो, अक्षर मोठे करण्यासाठी पडद्याचे रेझोल्यूशन कमी करू नका. अक्षरे मोठी होतात पण विरघळल्यासारखी दिसतात. त्यासाठी स्केल वाढवावे.)

याला पैसा लागला नाही. पण एका बैठकीतही झाले नाही. पुढच्या शनिवारी बाईंनी सांगितले की काळ्यावर पांढरे फार टोचते, पिवळे करून बघ. केले. बेथसैदाच्या आंधळ्याला आधी माणसे चालत्या झाडांसारखी दिसली, मग प्रभूने पुन्हा हात ठेवला. आपण मात्र एकदा बटण दाबतो आणि मदत केली म्हणून घरी जातो.

आपल्या लिपीमुळे आणखी एक अडचण येते. चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक. ध आणि घ, भ आणि म यांत वरच्या रेघेतल्या फटीचा. १ आणि ९ ने काय केले ते वर सांगितलेच. बारीक अक्षरात हे सारे आधी पुसले जाते. शिवाय एकाच मापात इंग्रजी वाचता येते तेव्हा मराठी बहुधा वाचता येत नाही, कारण वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये अक्षर दाटीने बसलेले असते.

काहीजण मला म्हणाले, या वयात संगणक हवाच कशाला, मुले करून देतात ना. मुले जरूर करून देतात. पण खात्यात किती शिल्लक आहे, डॉक्टरांच्या अहवालात काय लिहिले आहे, हे दर वेळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. बाईंनी त्यांची पेन्शन दोन वर्षे स्वतः पाहिली नव्हती. कुणी फसवले नव्हते. फक्त विचारायला संकोच वाटत होता.

आपल्या मंडळ्यांबद्दलही माझे गाऱ्हाणे आहे. सूर्यास्ताच्या चित्रावर पिवळ्या अक्षरांत गीत दाखवायचा हट्ट कशासाठी? अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक प्रमाण हवे, मोठ्या अक्षराला तीनास एक, असे वेबसाठीचे जागतिक निकष सांगतात. निकष राहू द्या, शेवटच्या बाकावर जाऊन बसून पाहा. तसेच व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना फोटो करून पाठवू नका. फोटो ताणला की अक्षर फाटते, रंग बदलता येत नाही, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएसारख्या मोफत सॉफ्टवेअरला तो फोटोच दिसतो, मजकूर नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या साध्या चार ओळी पाठवा. फुलांची चौकट नसली तरी चालेल.

बाई आता दर शनिवारी येतात. रजिस्टरमधले आकडे त्या भिंगातून पाहतात, मोठ्याने म्हणतात आणि मग टाइप करतात. मागच्या महिन्यात सुगीच्या सणाची सूचना मी लिहिली, पाळकसाहेबांनी पाहिली, सचिवांनी पाहिली. बाईंनी आपल्या काळ्यापिवळ्या पडद्यावर ती उघडली, तिसऱ्या ओळीवर थांबल्या आणि मला हाक मारली. "देणगी घनादेशाने द्यावी, असं लिहिलंयस. पाऊस मागवतोयस का?"