डबीतली कवळी

तोंडात दात नसलेल्या आजींना मी विचारतो, "कवळी केली नाही का?" उत्तर बऱ्याचदा ठरलेलं असतं. "केली आहे की डॉक्टर, घरी डबीत आहे. लग्नाकार्याला घालते." सोबत आलेला मुलगा म्हणतो, "पैसे वाया गेले बघा. आईला सवयच होत नाही."

माझं स्पष्ट मत आहे: कवळी डबीत जाते, त्यात दोष आईचा क्वचितच असतो. कवळी हातात पडली की काम संपलं, असं तुम्हाला वाटतं आणि आम्ही डॉक्टरही तसं वाटू देतो. खरं तर अर्धं काम तिथून पुढे सुरू होतं.

नैसर्गिक दात हाडात रोवलेले असतात. कवळी मात्र ओल्या, मऊ हिरडीवर नुसती टेकलेली असते. वरची कवळी टाळू झाकते आणि लाळेच्या पातळ थरामुळे धरून राहते. खालच्या कवळीला टेकायला जागा कमी, त्यात जीभ सारखी हलणारी. शिवाय दात काढल्यावर हाड झिजत जातं, खालच्या जबड्यात जास्तच. म्हणून खालची कवळी हलते ही तक्रार खोटी नसते.

कवळी करायला जाताना "केवढ्याला पडेल?" याच्या आधी दोन प्रश्न विचारा. किती वेळा यावं लागेल? आणि टोचली तर नंतर घासून द्याल ना? नीट केलेल्या पूर्ण कवळीला साधारण चार-पाच भेटी लागतात. मेणावर दात लावून दाखवतात, त्या भेटीला घरचं माणूस सोबत न्या, आरसा मागा, बोलून पाहा. दात मोठे दिसतात, ओठ पुढे येतो असं वाटलं तर तिथेच सांगा. तेव्हा बदल सोपा असतो, नंतर अवघड.

खर्च झेपत असेल आणि तब्येत साथ देत असेल, तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी अडकवता येते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. पण ते परवडत नाही म्हणून साधी कवळी टाकाऊ ठरत नाही. नीट केलेल्या साध्या कवळीवर वर्षानुवर्षं भाकरी खाणारी माणसं मी पाहतो.

पहिले काही आठवडे धीर धरा. लाळ जास्त सुटेल, 'स' आणि 'श' घसरतील. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा. सुरुवातीला वरण-भात, खिचडी, उपमा. घास छोटा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. पेरू समोरच्या दातांनी तोडू नका, फोडी करून खा.

टोचलं तर कानशीनं घरी घासू नका. दाखवायला येण्याआधी निदान काही तास कवळी घालून ठेवा, म्हणजे नेमकं कुठे लागतंय ते हिरडीवर दिसतं.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. टूथपेस्टनं चरे पडतात, म्हणून मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे. दिवसरात्र घातली तर टाळूवर बुरशी वाढू शकते.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. कवळीखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच दाखवा. तंबाखू किंवा मिश्री लावत असाल तर आणखीच लवकर.

तुमच्याही घरी अशी डबी असेल, तर ती घेऊन दंतवैद्याकडे जा. कधी थोडं घासून, कधी आतून नवा थर देऊन जुनी कवळी बसते. नाहीच बसली तर नवी करताना काय चुकलं ते तिच्यावरूनच कळतं. "आता या वयात कशाला?" असं मात्र म्हणू नका. रोज सगळ्यांसोबत बसून जेवण्याचं वय सरत नाही.