कापसाच्या वाटेने समुद्राकडे

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या की सहलींचे वारे वाहू लागते. वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा अशा गावांतून निघणाऱ्या एस.टी. गाड्यांत मुंबईच्या गाडीचे अप्रूप काही वेगळेच! शेकडो किलोमीटरांचा प्रवास आणि त्याच्या टोकाला समुद्र. तो पाहण्याची ओढ मुलांइतकीच सोबतच्या शिक्षकांनाही असते. मात्र एवढा पैसा आणि श्रम खर्चून नेमकी कोणती मुंबई पाहिली जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

बहुतेक सहलींचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी गेटवे, तेथून लाँचने घारापुरी, दुपारनंतर राणीची बाग, सायंकाळी चौपाटी आणि रात्री परतीची गाडी. घारापुरीला पोहोचण्यास तासभर लागतो, पायऱ्या चढण्यात आणखी वेळ जातो, आणि सुमारे वीस फूट उंचीच्या ज्या त्रिमुख सदाशिवासाठी जगभरातून माणसे येतात, त्याच्यापुढे पाच मिनिटे शांत उभे राहण्याचीही सवड उरत नाही. शिक्षकांचे सारे लक्ष डोकी मोजण्यात गुंतलेले. दोष त्यांचा नव्हे. एका दिवसात सारी मुंबई उरकण्याच्या हव्यासाचा आहे.

वास्तविक यवतमाळच्या विद्यार्थ्याला मुंबई परकी वाटण्याचे कारण नाही. जिल्ह्याचे पाणी वर्धा आणि पैनगंगा या नद्यांतून पुढे गोदावरीला मिळते व पूर्वेच्या बंगालच्या उपसागरात जाते. जिल्ह्याचा कापूस मात्र पश्चिमेच्या समुद्राकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले आणि त्या पैशावर मुंबईचे रूप पालटले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंदमापी लोहवाट टाकण्यात आली, तीही मुख्यतः कापसासाठीच. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली गेलेली ती गाडी आता बंद पडली आहे. पण हार्बर मार्गावरील ‘कॉटन ग्रीन’ हे स्थानक आजही त्या व्यापाराची साक्ष देते. सहलीच्या किती गाड्या तेथे थांबतात? मुलाच्या आजोबांच्या बैलगाडीतील बोंडांचा माग जेथवर लागतो, ते ठिकाण पाहण्याच्या यादीत नसावे, हे नवलच म्हटले पाहिजे.

बेटांचेही तसेच. घारापुरीचे बेट पाहण्यास निघालेल्या मुलांना, ज्या मुंबईतून ती निघाली तीच मुळात सात बेटे जोडून झालेली आहे, हे कोणी सांगत नाही. कुलाब्याचा भरावरस्ता १८३८ मध्ये झाला. गेटवे ज्या भूमीवर उभे आहे तीही समुद्रात भर घालून मिळवलेली. आणि घारापुरी म्हणजे केवळ लेणी नव्हेत. तेथे तीन वस्त्या आहेत. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना त्या वस्त्यांना सायंकाळचे काही तास जनित्राच्या दिव्यांवर भागवावे लागे. समुद्रतळावरून केबल टाकून वीज आली ती २०१८ साली. भारनियमनाचे चटके सोसलेल्या जिल्ह्यातील मुलांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

नदी-नाल्यात पोहणाऱ्या मुलाला समुद्राचा स्वभाव ठाऊक नसतो. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते, तिची वेळ रोज सरकते, हे भूगोलात पाठ केलेले असते, एवढेच. २०१६ साली मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी तर घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून अनेकांचे प्राण गेले. म्हणून समुद्र टाळावा, असे नव्हे. पण सुरक्षा जाकीट अंगावर नसेल तर लाँच सुटू द्यायची नाही, एवढा करारीपणा शिक्षकांनी दाखविलाच पाहिजे. भरतीचे वेळापत्रकही निघण्यापूर्वीच वर्गात लावता येईल. (सोमवारी लेणी बंद असतात, हेही त्याच फलकावर लिहावे, बंद दारावरून परतण्याची पाळी टळेल.)

स्थळे निम्मी करावीत आणि एक मुक्काम वाढवावा. खर्च वाढेल, ही हरकत रास्त आहे. एस.टी. शैक्षणिक सहलींना भाड्यात सवलत देते. पण राहणे, जेवण, लाँच यांचे पैसे उरतातच. आणि येथेच खरे दुखणे आहे. सहलीची वर्गणी मागितली जाते ती डिसेंबरात, जेव्हा कापूस घरात पडलेला असतो आणि भाव वाढण्याची वाट पाहत बाप थांबलेला असतो. यादीतून गळणारी नावे बहुधा त्याच घरांतली असतात. ज्यांच्या कापसावर बंदर भरभराटले, त्यांचीच नातवंडे गाडी सुटताना फाटकापाशी उभी राहतात. जूनपासून हप्ते घ्यावेत असे कोणी सुचवील, तर जून हा बियाण्याचा महिना आहे. तेव्हा उरलेला भार माजी विद्यार्थ्यांनी आणि जिल्हा परिषदेनेच उचलला पाहिजे, आणि गळालेल्या नावांची यादी मुख्याध्यापकांनी गाडी निघण्याच्या महिनाभर आधी त्यांच्यापुढे ठेवली पाहिजे.