सोनेरी किल्ल्याबाहेरची खोली

आमच्या घरी प्रवास सुरू होतो तो स्टेशनवर नव्हे, जेवणाच्या टेबलावर. गेला महिनाभर त्या टेबलावर नकाशा, गाड्यांची वेळापत्रके आणि आईच्या गोळ्यांची यादी पसरली आहे. येत्या जानेवारीत जैसलमेरला जायचे ठरले आहे. मंडळी पाच. मी, सौ., माझी आई, विजापूरकडच्या माझ्या सासूबाई म्हणजे साऱ्या घराच्या अव्वा, आणि बेंगळुरूला नुकतीच नोकरीला लागलेली लेक. "राहण्याचा खर्च माझ्या पहिल्या पगारातून," असे लेकीने आधीच जाहीर केले होते. एका रात्री तिचा फोन आला, "बाबा, खोल्या मिळाल्या. अगदी किल्ल्याच्या आत! झरोक्यातून वाळवंट दिसते. आगाऊ पैसेही भरले."

मी "छान" म्हटले खरे, पण त्या "छान"मध्ये दम नव्हता, हे तिच्याही लक्षात आले. इतिहास शिकवणाऱ्या माणसाचा हा दोष. जायच्या आधी तो वाचत बसतो आणि मग घरच्यांच्या आनंदावर पाणी पाडतो. इथे तर प्रश्नच पाण्याचा होता.

रावळ जैसल या भाटी राजाने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची. म्हणजे जैसलमेर तिच्याहूनही ४८ वर्षांनी जुने. पिवळ्या वालुकाश्माची तटबंदी, ९९ बुरूज, वर जाताना अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ असे चार दरवाजे. आत राजवाडा आहे, पंधराव्या-सोळाव्या शतकातली कोरीव जैन मंदिरे आहेत, ताडपत्रांवरच्या पोथ्यांचे ज्ञानभांडार आहे. मुख्य म्हणजे आत माणसे आहेत. काही हजार लोक तिथे आजही नांदतात. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत हा एक.

हे सारे उभे आहे ते कोरड्या हवेच्या भरवशावर. जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस सुमारे दोनशे मिलिमीटर. आपल्याकडे तेवढा जुलैतल्या एखाद्या आठवड्यातही पडून जातो. तटाचे दगड बरेचसे चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले. घरांची छपरे लाकडावर माती अंथरून केलेली. पाणी बायकांनी डोक्यावरून आणायचे, खालच्या गडीसर तलावातून. अशा पाण्याचा थेंबही कोणी सांडत नसे. पुढे घरोघरी नळ आले, हॉटेले झाली, न्हाणीघरे वाढली. पाणी वर चढले, पण ते खाली नेणारी गटारे तेवढी धड नव्हती. ते टेकडीत मुरू लागले. टेकडीच्या पोटात मातीचे मऊ थर आहेत. ते भिजले की वरचा दगड सरकतो. १९९६ मध्येच या किल्ल्याचे नाव धोक्यातल्या जागतिक वास्तूंच्या यादीत आले होते. त्यानंतर काही बुरूज ढासळले, आणि ऑगस्ट २०२४ च्या जोरदार पावसात भिंतीचा एक भाग रस्त्यावर कोसळला.

हे मी लेकीला सांगितले. ती चिडली. "बाबा, हजारो लोक तिथे राहतात. आपल्या दोन खोल्यांनी किल्ला पडणार आहे का? आणि सगळे पाहुणे बाहेर राहिले तर आतल्यांनी खायचे काय?"

वाचकहो, खरे सांगतो, दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वर्गात निरुत्तर झालो तर "पुढच्या तासाला पाहू" म्हणता येते. घरी ती सोय नाही. दोन दिवस फोन आला नाही.

तिसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा अव्वांनी तो माझ्या हातातून घेतला. अव्वांचे बालपण माळगी मनीत गेले, आपल्या मराठीत धाब्याच्या घरात. नातीला त्या सांगत होत्या, पावसाळ्याआधी छपरावर नवी माती कशी चढवायची, छपरावर हात धुतला म्हणून त्यांच्या आईने पाठीत धपाटा कसा घातला होता. शेवटी म्हणाल्या, "मण्णिन मनीगे नीर वैरी, पुट्टी. मनीयवरु जपून वागतात, पाहुण्याला ते कळत नाही."

मी पानभर माहिती सांगून जे झाले नाही, ते त्या धपाट्याने झाले. लेकीने त्या खोल्या रद्द केल्या. भरलेल्या पैशांतले निम्मे बुडाले. मी भरून देतो म्हटले, तर तिने ऐकले नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिनेच शोधले. झोपायचे बाहेर, पण दिवस आत काढायचा. वाटाड्या आतला घ्यायचा, चहा-जेवण आत करायचे, आजीसाठी शाल आणि अव्वांसाठी बांधणीची ओढणी आतल्याच दुकानातून घ्यायची. जैन मंदिरे सकाळीच पाहायची. चढण दगडी आहे, म्हणून दोघी आजींसाठी वर जाणारी रिक्षा आधीच ठरवायची. जोधपूरला एक मुक्काम करून पुढच्या गाडीने जायचे. जानेवारीत तिथे रात्री पारा एक आकडी होतो, तेव्हा स्वेटर हाताशी ठेवायचे. सम गावच्या वाळूच्या टेकड्या चाळीसेक किलोमीटरवर. तिथे उंटावर कोण बसणार, यावर आईचे आणि अव्वांचे अजून एकमत झालेले नाही.

काल लेकीने नव्या खोलीचा फोटो पाठवला. झरोका नाही, साधी गच्ची आहे. खाली तिने लिहिले होते, "बाबा, आतल्या खोलीतून वाळवंट दिसले असते, किल्ला नाही. इथून संध्याकाळी तो पूर्ण सोनेरी दिसतो म्हणे." सत्यजित राय यांनी १९७४ च्या ज्या चित्रपटातून हा किल्ला घराघरांत पोचवला, त्याचे नावच 'सोनार केल्ला'. सोन्याचा किल्ला.

अव्वांनी तो फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, "आ गच्चीमेले नीर हाकतारेनु?"